कंपनी, नवाब आणि न्यायमूर्ती

ईस्ट इंडिया कंपनीचा विचार आपण बहुधा एक परकीय राजवट म्हणून करतो. ती राजवट होतीच. परंतु त्याआधी ती लंडनच्या भागधारकांची व्यापारी पेढी होती. वर्षाकाठी लाभांश वाटणे हे तिचे मुख्य काम. अशा संस्थेच्या हाती सत्ता गेली, की राज्यकर्त्यांचे आणि न्यायासनाचे काय होते? लाचलुचपत होते, असे उत्तर कोणीही देईल. ते खरे आहे, पण अपुरे आहे. लाच ही या विद्येची पहिली पायरी. वरच्या पायरीवर पैसा पडद्याआड जातो आणि दोनच प्रश्न उरतात : न्यायाधीशाच्या शेजारच्या खुर्चीवर कोणाला बसवायचे आणि त्याचा हुकूम बजावणारा शिपाई कोणाचे ऐकणार? हा प्रवास कंपनीने सुमारे सत्तर वर्षांत पूर्ण केला. त्याचा शेवटचा टप्पा आपल्या मुंबई-पुण्यात घडला.

मसनदीचा भाव

१७५७ साली प्लासीनंतर मीर जाफर मुर्शिदाबादच्या मसनदीवर बसला. त्या बदल्यात त्याने कंपनीला नुकसानभरपाईपोटी एक कोटी रुपये कबूल केले. एकट्या क्लाइव्हच्या वाट्याला २ लाख ३४ हजार पौंड आले. १७६० मध्ये खजिना आटला तेव्हा कलकत्त्याच्या कौन्सिलने मीर जाफरला उतरवून त्याचा जावई मीर कासीम याला बसवले. त्यानेही वर्धमान, मिदनापूर व चितगाव हे जिल्हे कंपनीला आणि भेटी अधिकाऱ्यांना दिल्या. पण मीर कासीम कर्तबगार निघाला. कंपनीचे नोकर दस्तकाच्या आडून खाजगी व्यापार बिनजकातीने करत आणि देशी व्यापारी जकात भरून बुडत. नवाबाने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात माफ केली. सर्वांना समान वागणूक, एवढाच त्याचा गुन्हा! युद्ध झाले, मीर कासीम परागंदा झाला आणि मीर जाफर पुन्हा मसनदीवर आला.

प्रत्येक बदलाला नव्या भेटी. ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने पुढे हिशेब मांडला, तेव्हा १७५७ ते १७६६ या काळातील भेटींची बेरीज २१ लाख ६९ हजार पौंडांवर गेली. मात्र ज्या पार्लमेंटने हा हिशेब मागितला, त्याच्या कित्येक सभासदांकडे कंपनीचे भाग होते आणि १७६७ पासून कंपनी ब्रिटिश तिजोरीत वर्षाला ४ लाख पौंड भरू लागली होती. चौकशी करणाऱ्याचे हातही त्याच थैलीत होते.

कलकत्त्याची अदालत

कंपनीला लगाम घालावा म्हणून १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने कलकत्त्यात सुप्रीम कोर्ट स्थापन झाले. सर एलिजा इम्पे हे मुख्य न्यायाधीश. ते आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेतील सोबती. मार्च १७७५ मध्ये महाराजा नंदकुमार यांनी हेस्टिंग्जवर आरोप केला, की मीर जाफरची विधवा मुन्नी बेगम हिला बाल नवाबाची पालक नेमण्याच्या व्यवहारात त्याने साडेतीन लाखांहून अधिक रुपये घेतले. मे महिन्यात नंदकुमारांनाच एका जुन्या बनावट दस्तऐवजाच्या प्रकरणात अटक झाली. जूनमध्ये खटला चालला आणि ५ ऑगस्ट १७७५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. बनावट दस्तऐवजाला फाशी हा इंग्लंडचा कायदा. इथल्या माणसाच्या स्वप्नातही तो नव्हता. हेस्टिंग्ज आणि इम्पे यांचे संगनमत होते की नाही, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण आरोप करणाराच फासावर लटकल्यावर इतरांनी काय धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

तरीही हे कोर्ट कायम कंपनीच्या मुठीत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते तिच्याशी भांडलेही. त्या भांडणात चिरडला कोण, ते पाटण्याच्या खटल्यात दिसते. शाहबाज बेग खान १७७६ मध्ये वारले. विधवा नादिरा बेगम आणि पुतण्या बहादूर बेग यांच्यात मालमत्तेचा वाद लागला. कंपनीच्या पाटणा कौन्सिलने चौकशी काझी आणि दोन मुफ्तींवर सोपवली. त्यांनी बेगमची कागदपत्रे बनावट ठरवून शरियतप्रमाणे वाटणी सांगितली. बेगम सुप्रीम कोर्टात गेली. कोर्ट म्हणाले, कौन्सिलला आपले काम असे दुसऱ्यावर सोपवण्याचा अधिकारच नव्हता. आणि तीन लाख रुपयांची भरपाई फर्मावली. काझींना कैद करून कलकत्त्याला नेत असताना वृद्ध काझी वाटेतच मरण पावले. मुफ्ती आणि बहादूर बेग १७८१ चा कायदा होईपर्यंत तुरुंगात राहिले. सरकारने सांगितलेले काम ज्यांनी केले, त्यांना सरकार आणि कोर्ट यांच्या झगड्यात कोणी वाली उरला नाही.

झगडा विकोपाला गेला तो काशीजोडाच्या राजाच्या प्रकरणात. कोर्टाच्या शेरीफची माणसे राजाकडे हुकूम बजावायला गेली, तेव्हा कंपनीच्या फौजेने त्यांनाच पकडले. हा पहिला उपाय : हुकूम बजावणारा हात काढून घेणे. १७८० मध्ये हेस्टिंग्जने दुसरा उपाय योजला. कंपनीच्या सदर दिवाणी अदालतीचे प्रमुखपद त्याने इम्पे यांनाच देऊ केले. पगार दरमहा पाच हजार रुपये, आणि नेमणूक कौन्सिलच्या मर्जीवर. भांडण थंडावले. हाऊस ऑफ कॉमन्सला हे रुचले नाही. १७८२ मध्ये इम्पे यांना परत बोलावण्याचा ठराव झाला. हेस्टिंग्जवरचा महाभियोग १७८८ ते १७९५ असा सात वर्षे चालला. तो निर्दोष सुटला आणि कंपनीने त्याला वर्षाला चार हजार पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून दिले.

मोरो रघुनाथ

आता मुंबईकडे वळू. पेशवाई बुडाल्यानंतर १८२४ मध्ये मुंबईत असेच सुप्रीम कोर्ट सुरू झाले. १८२८ मध्ये या कोर्टाने दोन हेबिअस कॉर्पस काढले. हेबिअस कॉर्पस म्हणजे, ज्याला अडकवून ठेवले आहे त्याला आमच्यापुढे हजर करा आणि कारण सांगा, असा हुकूम. एक हुकूम ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश या कैद्यासाठी होता. दुसरा पुण्यातील मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलासाठी. मुलाला पांडुरंग रामचंद्र या सरदार आप्ताने अडकवून ठेवल्याची तक्रार होती.

गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारे तेच. ऑक्टोबर १८२८ मध्ये त्यांनी न्यायाधीशांना पत्र लिहून कळवले, की मुंबई बेटाबाहेर असे हुकूम बजावण्यास सरकार मदत करणार नाही. दख्खनच्या सरदारांना दिलेली वचने मोडतील, हे त्यांचे म्हणणे. पाटण्याचा अनुभव पाहता इंग्रजी कोर्टाचे भय अगदीच निराधार नव्हते. पण न्यायाधीशांना गव्हर्नरने असे परस्पर बजावणे, ही गोष्टच निराळी.

मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्येच वारले होते. ऑक्टोबरमध्ये सर चार्ल्स चेंबर्सही गेले. सर जॉन पीटर ग्रँट एकटे उरले. हुकूम पाळला जात नाही हे पाहून त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी कोर्टच बंद केले. ज्याचा हुकूम चालत नाही त्याने न्यायाचे नाटक तरी कशाला करावे, असा त्याचा अर्थ.

तिकडे लंडनमध्ये हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी फेब्रुवारीतच माल्कमना पत्र धाडले होते. दोन नवे न्यायाधीश पाठवतो. त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींनी चालवत नेलेला रानटी हत्ती होईल, असा त्यातला भावार्थ. कंपनी सरकारचे ॲडव्होकेट जनरल ड्यूअर यांना ग्रँटच्या डोक्यावरून मुख्य न्यायाधीश करण्यात आले. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल सरकारच्या बाजूने लागला तो मे महिन्यात. म्हणजे निकालाआधीच हत्ती निघाले होते! या पत्राची नक्कल फुटून वर्तमानपत्रांत छापली गेली, म्हणून हे आपल्याला कळते. एरवी अशी पत्रे कपाटातच राहतात.

ज्येष्ठतेचा क्रम

कंपनी १८५८ मध्ये कारभारातून गेली. कला मात्र राहिली. एप्रिल १९७३ मध्ये न्या. शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून न्या. ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत हेबिअस कॉर्पसचाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांची दाद ऐकण्याचा हक्क मान्य केला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी तो नाकारला, एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी भिन्न मत दिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. एम. एच. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या चारांतील न्या. यशवंत चंद्रचूड पुण्याचे. त्यांच्याच पुत्राने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवला. त्याला एकेचाळीस वर्षे लागली.

थैलीही गेलेली नाही. राजकीय पक्षांना नाव न सांगता देणग्या देण्याची निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. तोवर कोणत्या कंपनीने कोणाला काय दिले, हे मतदाराला कळत नव्हते. क्लाइव्हच्या भेटींचा हिशेब निदान पार्लमेंटच्या दप्तरात मिळतो.

न्यायाधीशाच्या सचोटीची आपण फार चर्चा करतो. सचोटी हवीच; पण ग्रँट सचोटीचे होते आणि त्यांची सचोटी तीन महिन्यांत एकटी पडली. त्यांच्या बाजूला कोण बसते, त्यांचा हुकूम कोण बजावतो आणि उद्या त्यांना काय देऊ केले जाते, यावर लक्ष ठेवणे हे नागरिकांचे काम आहे. मोरो रघुनाथ हे नाव आज कायद्याच्या इतिहासात अधिकारक्षेत्राचा खटला म्हणून शिल्लक आहे. अधिकार कोणाचा, एवढेच प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. पुण्यातला तो मुलगा खरोखर डांबला गेला होता का, हा मूळ प्रश्न तिथे कोणी सोडवलाच नाही.