एकपक्षी नगर आणि दुसरा पक्ष

एखादें शहर पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाला कौल देत आलें, म्हणजे तेथील निवडणूक हा निव्वळ उपचार, असें आपण समजतों. न्यूयॉर्कचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

हें शहर उदारमतवादी डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. तरीहि टॅमनी हॉलच्या भ्रष्ट कारभाराला विटून नागरिकांनीं १९३३ सालीं रिपब्लिकन ला गार्डिया यांना महापौर निवडलें. ते बारा वर्षें त्या पदावर राहिले. पुढें १९९० सालीं शहरांत दोन हजारांहून अधिक खून झाले. १९८९ मध्यें सुमारें ४७ हजार मतांनीं हरलेले जुलिआनी १९९३ मध्यें सुमारें ५३ हजार मतांनीं निवडून आले. मात्र राष्ट्राध्यक्षपदासाठीं याच शहरानें १९९२ व १९९६ मध्यें डेमोक्रॅट क्लिंटन यांनाच भरघोस मतें दिलीं. लोकांनीं तत्त्वें पालटलीं नाहींत, कारभारी पालटला!

२०१३ पासून मात्र महापौरपद डेमोक्रॅटांकडेच गेलें. २०२५ मध्यें खरी झुंज त्याच पक्षांतील ममदानी व कुओमो यांच्यांत झाली. उमेदवारी गमावल्यावर कुओमो अपक्ष म्हणून लढले, तरीहि पुन्हां हरले. स्पर्धा संपली नाहीं. ती घरांतल्या घरांत आली.

शाळेंत मीं पाहिलें आहे, पाठोपाठ येणारा दुसरा विद्यार्थी नसला कीं पहिला आळसावतो. रिपब्लिकनांना येथें वाव मिळाला तो धोरणाच्या वादांत नव्हे, तर रस्ता, पोलीस व तिजोरी यांच्या हिशेबांत. हा हिशेब मागणारा नागरिक जागा आहे, तोंवर कोणताहि बालेकिल्ला अभेद्य नाहीं.