सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा (महाराष्ट्र, २०१६)

जातपंचायत, गावकी किंवा धार्मिक समूहाने एखाद्या व्यक्तीला वा कुटुंबाला वाळीत टाकणे हा गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा. विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आला. लग्नकार्य, अंत्यविधी, देऊळ, पाणवठा, दुकान यांपासून कुणाला तोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा असताना हा वेगळा कशाला, असे विचारले गेले; पण तो कायदा अस्पृश्यतेपुरता आहे, आणि कोकणात गावकीने वाळीत टाकलेली कुटुंबे पुष्कळदा पंचांच्याच जातीची असतात. धर्मस्वातंत्र्याचा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखीच होते, असे भिन्नमत नोंदवले, आणि तेच न्याय्य वाटते: श्रद्धेचे नियम पंथाने ठरवावेत, माणसाचे दफन आणि उपजीविका नव्हे. १९६२ चा तो निकाल फेरविचारासाठी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

कायद्याची खरी उणीव पैशाची आहे. बहिष्काराचा पहिला घाव पोटावर बसतो. दुकानदार माल देत नाही, शेतावर मजूर येत नाहीत, आणि हे तक्रारीच्या दिवसापासूनच सोसावे लागते. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा, असे कायदा सांगतो. तरी भरपाई मिळते ती दंडाच्या रकमेतून, म्हणजे दोष सिद्ध झाल्यावरच. शिवाय न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येत असल्याने कोंडीत सापडलेले कुटुंब निकालाआधीच पंचांपुढे मान तुकवण्याची शक्यता राहते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत निकालाची वाट न पाहता टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य मिळते आणि त्याचा भार केंद्र व राज्य मिळून उचलतात. तशीच सोय इथे हवी. पैशाच्या लोभाने खोट्या तक्रारी होतील, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. पण बहिष्कार सगळ्या गावादेखत चालतो, त्याची शहानिशा या कायद्याखालील बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याला जागेवर करता येते, आणि मदत हप्त्यांत दिली की गैरवापरही आटोक्यात राहतो. त्यासाठी कायद्यात एका कलमाची आणि राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाची भर घालावी लागेल.