अल्बाट्रॉसच्या भरारीचें कोडें

दक्षिण महासागरांतून शिडाच्या जहाजानें जाणाऱ्या खलाशांना एका गोष्टीचें मोठें नवल वाटे. अल्बाट्रॉस नांवाचा प्रचंड पांढरा पक्षी दिवसचे दिवस जहाजामागून येई. पण पंख हालवतांना तो क्वचितच दिसे. पसरलेल्या पंखांची लांबी सुमारें ११ फूट, वजन आठ-दहा किलो. एवढें ओझें श्रमावांचून हवेंत राहतें तरी कसें?

पंखाच्या घडणींतच कांहीं रहस्य असावें, अशी पुष्कळांची समजूत होती. ल ब्री नांवाच्या फ्रेंच दर्यावर्द्यानें मारलेल्या अल्बाट्रॉसचा पंख वाऱ्यासमोर धरला, तों तो आपोआप वर उचलूं लागला, असें सांगतात. त्या भरंवशावर त्यानें पक्ष्याच्या धर्तीचें एक यान बांधलें आणि १८५६ सालीं घोडागाडीला जोडून तें ब्रिटनीच्या किनाऱ्यावर हवेंत चढविलें. साहस खरेंच; पण कोडें तसेंच राहिलें.

त्याची उकल सुरू झाली ती आसामांतील एका निरीक्षणावरून. तेथील पील नांवाच्या गृहस्थानें पाणकोळ्यांसारखे मोठे पक्षी पंख न हालवतां घिरट्या घेत उंच चढतात, असें ‘नेचर’ पत्रांत लिहिलें होतें. १८८३ सालीं लॉर्ड रॅले यानें त्यावर टिपण लिहिलें. निश्चल हवेंत किंवा सर्वत्र सारख्या वेगानें आडव्या वाहणाऱ्या वाऱ्यांत कोणताहि पक्षी पंख न हालवतां आपली उंची कायम राखूं शकणार नाहीं. तेव्हां एक तर तो खालीं येत असला पाहिजे, किंवा वारा वर चढत असला पाहिजे, किंवा वाऱ्याचा वेग ठिकठिकाणीं निराळा असला पाहिजे. इतक्या थोड्या शब्दांत इतका नेमका निवाडा शास्त्रांतहि विरळा.

अल्बाट्रॉसला लागू पडतो तो मुख्यतः तिसरा पर्याय. लाटांशीं घर्षण होऊन पाण्यालगतचा वारा मंदावतो. दहा-पंधरा मीटर वर तो बराच जोरदार असतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून चढतो. चढतां चढतां त्याची स्वतःची गति कमी होते, पण समोरचा वारा वाढत गेल्यामुळें हवेच्या मानानें त्याचा वेग टिकून राहतो. वर पोंचल्यावर तो वळतो, पाठीवर वारा घेऊन खालच्या मंद थरांत झेपावतो, आणि तेथें हवेच्या मानानें त्याचा वेग पुन्हां वाढतो. प्रत्येक फेरींत ही मिळकत वाऱ्याच्या खात्यांतून होते. शिवाय त्याच्या खांद्यांत पसरलेला पंख अडकवून धरणारा स्नायुबंध असतो. त्यामुळें पंख ताठ ठेवण्याचे श्रमहि वांचतात.

१९८९ सालीं फ्रेंच संशोधकांनीं क्रोझे बेटांवरील पक्ष्यांचा उपग्रहाच्या साह्यानें माग काढला, तेव्हां अन्नासाठीं केलेली एकेक फेरी १५,००० किलोमीटरपर्यंत भरली. पुढें २००० सालीं त्यांच्या हृदयाचे ठोके मोजलेले प्रसिद्ध झाले. अनुकूल वाऱ्यांत उडतांना ते घरट्यांत विसावलेल्या पक्ष्याच्या ठोक्यांहून फारसे अधिक नव्हते! खरे कष्ट पाण्यावरून उठतांना पडतात. म्हणूनच वारा पडला कीं हा पक्षी मुकाट्यानें पाण्यावर बसून राहतो.

जहाजामागून येण्याची जी संवय खलाशांना कौतुकाची वाटे, तीच आतां त्याच्या जिवावर उठली आहे. मासेमारी जहाजें मैलोगणती लांबीचे दोर सोडतात. त्यांवरील गळाचें आमिष गिळतांना असंख्य अल्बाट्रॉस पाण्याखालीं ओढले जाऊन बुडतात. दोर रात्रीं सोडले आणि त्यांना वजनें बांधून लवकर बुडविले, तर हे मृत्यू पुष्कळच घटतात. दक्षिण जॉर्जियाच्या समुद्रांत तसें करून दाखविलेलें आहे. पण सीमा न मानणारा हा पक्षी तेवढ्याच समुद्रांत थोडाच राहतो!