१ ऑक्टोबर : लष्करी परिचारिकांना कायमचे स्थान
१ ऑक्टोबर १९२६ रोजी परिचारिका सेवा भारतीय लष्कराचा कायमचा भाग झाली. युद्धावर मात्र परिचारिका त्याआधीच गेल्या होत्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातले आजारी, जखमी जवान बसऱ्याहून रुग्णालय-जहाजांनी मुंबईला आणले जात. परिचारिकांना जखमांबरोबर उष्माघात आणि कॉलराही निस्तरावा लागे. मे महिना सोसणाऱ्या नांदेडकरांनीही तिथल्या उन्हापुढे हात टेकले असते! अलीकडे काँगोतील गोमा येथे, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतल्या भारतीय रुग्णालयातही लष्करी परिचारिकांनी काम केले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ४ वर्षांचे बीएस्सी नर्सिंग पूर्ण केले की लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. प्रवेशासाठी नीटचे गुण धरतात. नीटची तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांत मात्र चर्चा एमबीबीएसचीच.