तारेतील शांततेचा खर्च

संगणकजाळ्यांचा इतिहास वेगाच्या आकड्यांत सांगितला जातो. विजेच्या हिशेबात तो वेगळा दिसतो. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा पाठवायला काही नसले की तार गप्प असे. १९९५ च्या शंभर मेगाबिटच्या फास्ट इथरनेटने ही रीत मोडली. घेणाऱ्याचे घड्याळ पाठवणाऱ्याशी जुळलेले राहावे म्हणून चिप्स रिकाम्या वेळीही अखंड संकेत पाठवू लागल्या. १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवर गिगाबिट आले. चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संकेत धावू लागले आणि स्वतःचाच प्रतिध्वनी वजा करण्याचे गणित चिपच्या मागे लागले. सीमॉस मंडलात वीज मुख्यतः ट्रान्झिस्टरच्या उघडझापीत जाते, आणि ती उघडझाप आता थांबेना. रिकाम्या तारेलाही भरल्या तारेइतकीच वीज जवळजवळ लागू लागली.

२०१० च्या ८०२.३एझेड मानकाने तोड काढली: काम नसताना प्रेषक झोपतो, मधूनमधून छोटा संकेत पाठवून जुळणी ताजी ठेवतो आणि काही मायक्रोसेकंदांत जागा होतो. मात्र दोन्ही टोकांची उपकरणे हे मानक पाळणारी हवीत. एक टोक जुने असेल, तर तार पूर्वीसारखीच रात्रभर जागी राहते.