आखडलेले हॅमस्ट्रिंग : खेळाडूंसाठी व्यायाम

हॅमस्ट्रिंग हा मांडीच्या मागील तीन स्नायूंचा गट : बायसेप्स फीमोरिस, सेमिटेंडिनोसस व सेमिमेम्ब्रेनोसस. बायसेप्सची आखूड शाखा वगळता हे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघतात आणि खुबा व गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. वेगाने धावताना पाऊल टेकण्याच्या जरा आधी, पुढे गेलेला पाय आवरताना, ते लांबत असतानाच जोर लावतात. दुखापत बहुधा याच वेळी होते.

‘मांडी मागून धरली आहे’ असे खेळाडू म्हणतो तेव्हा स्नायू आखूडच झालेला असेल असे नाही. थकवा, जुनी दुखापत, स्नायूची कमजोरी किंवा सायटिक नसेची ओढ यांनीही तसेच वाटते. पाय ताणलेला असताना मान वाकवल्यावर ओढ वाढली, तर नसेचा संशय घ्यावा. अशा पायाला जोर लावून ताणल्यास त्रास वाढू शकतो.

सुमारे 30 सेकंदांचे स्थिर ताण नियमित दिल्यास काही आठवड्यांत सांधा अधिक वाकू लागतो. यात मोठा वाटा ओढ सोसण्याची सवय होण्याचा असतो. शर्यतीच्या तोंडावर मात्र एकाच स्नायूला मिनिटाहून जास्त ताणून ठेवल्यास त्याचा जोर किंचित घटतो. म्हणून सरावाआधी पाय झुलवणे, चालत लंजेस आणि हळूहळू वेग वाढवत धावणे बरे.

तरीही नुसत्या ताणण्यावर भिस्त ठेवणे ही मैदानावरची जुनी खोड आहे. लांबलेल्या अवस्थेत स्नायूला बळ देणारे व्यायाम अधिक मोलाचे. त्यांत ‘नॉर्डिक’ प्रसिद्ध आहे : गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड ताठ ठेवून शक्य तितके सावकाश पुढे झुकत जायचे, तोल सुटला की हातांवर झेलायचे. डेन्मार्कमधील 50 फुटबॉल संघांवरील, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा व्यायाम करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती झाल्या, तर न करणाऱ्या गटात 52. पहिल्या दिवसांत मांड्या चांगल्याच दुखतात आणि बरेच जण तिथेच तो सोडतात. आठवड्यातून एकदा, मोजक्या आवर्तनांनी सुरुवात केल्यास निभावते. नॉर्डिकमध्ये खुबा जवळजवळ सरळच राहतो. ती उणीव कमरेतून वाकून वजन उचलण्याच्या रोमेनियन डेडलिफ्टने भरून निघते.

धावताना अचानक ‘कट्’ झाल्यासारखे वाटले, काळेनिळे पडले किंवा चालताना लंगडावे लागले, तर तो आखडलेपणा नसून स्नायू फाटल्याचा संभव असतो. तेव्हा ताणण्याचे व्यायाम थांबवून तपासणी करून घ्यावी.