शिक्षा

नर्मदेच्या अलीकडे, नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात मराठीतली ‘शिक्षा’ म्हणजे दंड. पलीकडे मध्य प्रदेशात हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. शब्द एकच, संस्कृतातला. ‘शक्’ हा धातू, म्हणजे समर्थ असणे. त्याचे इच्छादर्शक रूप ‘शिक्ष्’, म्हणजे समर्थ होऊ पाहणे. वेदांगांतली ‘शिक्षा’ उच्चारशास्त्र शिकवते. प्राकृत ‘सिक्ख’वरून मराठीत ‘शिकणे’ आले. ‘शिक्षा’ हे रूप मात्र अद्दल घडवण्याकडे वळले.

मारल्याशिवाय मूल शिकत नाही, ही समजूत त्यामागे असावी. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरलाही ती मान्य नव्हती. शिक्षेने वर्तन तात्पुरते दबते, नवे काही शिकले जात नाही, असे त्याचे म्हणणे. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की मूळ धातूच्या आणखी जवळ जातो: मुलाला एकट्याने जमत नाही, पण कुणी हात दिला की जमते, तिथेच शिकणे घडते.

तो हात आधी भाषेचा हवा. नर्मदाकाठच्या ‘जीवनशाळा’ नावाच्या शाळांनी म्हणूनच आदिवासी मुलांच्या बोलीला वर्गात जागा दिली. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई केली. बोलीला सन्मान देणे मात्र शिक्षकाच्याच हाती आहे.